दोन कंठांची एक मैफल

आम्हा डॉक्टर मंडळींना श्वास मोजण्याची सवय असते. मिनिटाला किती, किती खोल, दोन्ही बाजूंना सारखा आहे की नाही, एवढे पाहून आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळतो. श्वासाचे याहून निराळे दर्शन मला बनारस घराण्याच्या पंडित राजन आणि साजन मिश्र या बंधूंच्या गायनात घडले.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका मी अनेक वर्षे ऐकत होतो. कोणता आवाज थोरल्याचा आणि कोणता धाकट्याचा, हे मात्र पुष्कळदा ओळखू येत नसे. पुढे इंदूरला एका लहानशा सभागृहात, शंभर-सव्वाशे श्रोत्यांत बसून त्यांना ऐकण्याचा योग आला. तानपुरे मिळवण्यात बराच वेळ गेला. पण ते जुळले तेव्हा खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार स्पष्ट ऐकू येऊ लागला.

यमनचा विलंबित ख्याल सुरू झाला. थोरल्या बंधूंचा आलाप निषादावर विसावत असतानाच धाकट्यांनी श्वास घेतलेला असे, आणि तोच निषाद तेवढ्याच वजनाने पुढे चालू राही. जुगलबंदीतली चढाओढ येथे नव्हती. हे खरे सहगायन होते. वडील पं. हनुमानप्रसाद आणि काका पं. गोपाल मिश्र हे दोघेही सारंगीवादक. दुसऱ्याच्या गळ्यामागून सावलीसारखे जाण्याचा संस्कार या बंधूंना घरातूनच लाभला असावा, असे मला वाटते.

माळव्यातील रसिकाला श्वासाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व 1948 साली देवासला आले आणि पुढे एका फुप्फुसाच्या बळावर त्यांनी आपले गाणे नव्याने उभे केले. त्यांनी श्वासाची उणीव एकट्याने पेलली. या बंधूंनी श्वासाचा भार वाटून घेतला.

25 एप्रिल 2021 रोजी दिल्लीत कोविडने पं. राजन मिश्र यांचे निधन झाले. त्या आठवड्यांत आम्ही सारे प्राणवायूच्या सिलिंडरांचा हिशेब करीत होतो. रात्री घरी येऊन मी त्यांचा यमन लावला आणि काही मिनिटांतच बंद केला. एक आवाज थांबून दुसरा सुरू होण्यापूर्वीची ती क्षणार्धाची जागा मला ऐकवेना.

पं. साजन मिश्र त्यानंतर पुत्र स्वरांश यांना सोबत घेऊन गाऊ लागले. राजनजींचे पुत्र रितेश आणि रजनीश हेही जोडीनेच गातात. व्यवसायबंधूंना एकच सुचवावेसे वाटते. अशी मैफल आपल्या गावी, लहान जागेत होणार असेल, तर दवाखाना एक संध्याकाळ लवकर बंद करावा, पुढे बसावे आणि जो त्या क्षणी गात नसेल त्याच्याकडे अवश्य पाहावे.