ग़रज़ आणि गरज

एखादा मराठी मित्र तुम्हांला म्हणाला, 'मला तुझी गरज आहे,' तर तुमच्या मनात काय येईल? घरी आपण 'ग़रज़' हा शब्द बहुधा मतलब या अर्थाने ऐकतो. खुदग़रज़ माणूस कोणालाच आवडत नाही. म्हणून वाटेल, हा स्वार्थासाठी आला आहे. पण तो बिचारा एवढेच सांगतो आहे की, तुझ्यावाचून माझे अडते. मराठीत गरज म्हणजे ज़रूरत. हा फरक माहीत नसेल, तर चांगल्या मित्राविषयी उगाच गैरसमज होतो.

शब्द मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ निशाण, म्हणजे ज्यावर नेम धरून बाण सोडतात ते. त्यावरून हेतू, उद्देश हा अर्थ आला. फार्सीत हेतूबरोबर वाईट हेतूही आला. तुर्कीत तर तो वैर, आकस या अर्थाने वापरतात! उर्दूत उद्देश आणि मतलब हे दोन्ही अर्थ राहिले.

इ. स. 1347 मध्ये दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे येथील कचेऱ्यांत फार्सी चालत असे. लोकांना कामासाठी तिथे जावे लागे, आणि त्या भाषेतले शब्द त्यांच्या तोंडी बसले. अर्ज, कर्ज, मर्जी, गरज हे शब्द उर्दूत लिहून पाहा. प्रत्येकात ज्वाद आहे! मराठीत त्या सर्वांचा साधा 'ज' झाला.

मराठीने या शब्दाला अगदी घरचा करून घेतला. त्याला संस्कृत वळणाचा 'वंत' जोडून 'गरजवंत' केला, आपल्या 'ग़रज़मंद'सारखाच. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण प्रसिद्ध आहे, आणि तिच्यातली 'अक्कल'ही अरबीच. 'गरज सरो, वैद्य मरो' या म्हणीत मात्र जुन्या मतलबाची सावली दिसते. हीच म्हण थोड्या फरकाने गुजरातीतही आहे.

शब्द उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीतही स्त्रीलिंगी. तेवढी एक अडचण वाचली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'ढग गरजतात' यातला 'गरज' वेगळा. तो संस्कृत 'गर्ज्' धातूपासून आला आहे. उर्दूत एक गैनने आणि दुसरा गाफने लिहितात, म्हणून घोटाळा होत नाही. मराठीत दोन्ही सारखेच लिहितात. तिथे वाक्य पाहूनच ओळखावे लागते.