माल्टची भरड
माल्टची भरड : मोड आणून वाळविलेले धान्य (माल्ट) पीठ न करता जाडसर फोडण्याची क्रिया व तीपासून मिळणारा पदार्थ. बिअर तयार करताना अर्क काढण्यापूर्वी ही क्रिया करतात.

सातूच्या दाण्याला तूस घट्ट चिकटलेले असते. ते शक्य तितके अखंड राहावे, आतील गर मात्र चार-पाच तुकड्यांत फुटावा, हे भरडण्यातील खरे कौशल्य होय. गर न फुटल्यास एंझाइमे स्टार्चपर्यंत पोहोचत नाहीत. फार बारीक दळल्यास तुसांचा गाळणथर बुजतो व अर्क तुरट होतो. रुळांच्या घरगुती यंत्रात रुळांमधील अंतर म्हणूनच सु. १ मिमी. ठेवतात.

बुलढाणा जिल्ह्याचे जुने मुख्य धान्य ज्वारी असून १९८० नंतर तिचे बरेचसे क्षेत्र सोयाबीनने व्यापले. ज्वारीच्या दाण्याला तूस नसल्याने गाळणथर तयार होत नाही. तिची भरड कापडातूनच गाळावी लागते. तिचा स्टार्चही सातूच्या मानाने अधिक तापमानास (सु. ७०° से. च्या पुढे) फुगतो. काळ्या दगडाच्या जात्यावर ती भरडताना मधल्या खुंट्यात चिंधी वा चकती बसवून वरची पाळी किंचित उचलून घेतात व दाणे मूठमूठ घालतात. माल्ट खडखडीत वाळलेला नसेल, तर तो फुटण्याऐवजी चेपला जाऊन तळीला चिकटतो. पिठाच्या गिरणीत दळण तापते व बारीकही होते; ती या कामाची नव्हे.

मोड आलेल्या ज्वारीसंबंधी एक गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. तिच्या कोंबात व मुळांत धुरिन हे ग्लायकोसाइड असते व त्यापासून हायड्रोसायानिक अम्ल हे तीव्र विष निर्माण होते. केवळ वाळविल्याने धुरिन पूर्णपणे जात नाही. म्हणून वाळलेला माल्ट हाताने चोळून, सुपाने पाखडून मोड व मुळे काढून टाकल्यावाचून तो जात्याकडे नेऊ नये. लहान मुलांच्या सत्त्वासाठी ज्वारीला मोड आणतात, तेथे तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. कापणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी मुळातच निवडून टाकावी. तिच्यावरील बुरशी मोड आणताना ओलाव्यात झपाट्याने वाढते.

सत्त्वासाठी भरड करण्यास आडकाठी नाही. परवान्याशिवाय बिअर तयार करणे मात्र, घरगुती वापरासाठी असले तरी, १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये राज्यात गुन्हा आहे.