माहीत असणं आणि येणं

मागच्या वेळी आपण ज्ञानाच्या प्रकारांपाशी थांबलो होतो. मराठीत हा फरक भाषेतच आहे बघा: ‘पोहण्याविषयी मला माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’. गिल्बर्ट राईलने १९४९ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. प्रत्येक शहाण्या कृतीआधी नियम आठवावा लागत असेल, तर तो नियम शहाणपणाने लावण्यासाठी आणखी एक नियम लागेल, आणि त्याला आणखी एक. आपल्याकडे याला अनवस्था म्हणतात.

आता उदाहरण. शाळाशिक्षकांच्या रोबोटिक्स कार्यशाळेत मी नुसता बघायला म्हणून गेलो होतो. टेबलावर आर्डुइनो बोर्ड, गिअरच्या दोन लहान मोटारी, बॅटरी आणि एक ड्रायव्हर. मोटार थेट बोर्डाला का जोडायची नाही? कारण बोर्डाच्या एका पिनेतून साधारण २० मिलिअँपिअरच घ्यावेत, आणि मोटारीला सुरू होतानाच त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून मध्ये ड्रायव्हर. हुकूम बोर्डाचा, ताकद बॅटरीची. ड्रायव्हरमध्ये चार स्विच असतात. तिरपी एक जोडी चालू केली की चाक पुढे, दुसरी केली की मागे.

वेग कसा बदलायचा? वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायची. ० ते २५५ यांपैकी आकडा द्यायचा. १२८ म्हणजे साधारण निम्मा वेळ चालू. मग ४० दिलं तर चाक हळू फिरेल ना? नाही! मोटार नुसती गुणगुणते. घर्षणावर मात करण्याइतका जोर तिच्यात नसतो. हे कागदावरच्या गणितात दिसत नाही, बोटाला कळतं.

माझ्या शेजारी विज्ञानाचे एक अनुभवी शिक्षक होते. त्यांचं चाक हलेचना. प्रोग्रॅम तीनदा तपासला. शेवटी सापडलं: बॅटरीची आणि बोर्डाची ग्राउंडची वायर एकमेकींना जोडलेलीच नव्हती. ते हसले. म्हणाले, “व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधला फरक, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितोय. माहीत होतं, पण कळलं आज.”

मग पुस्तकं निरुपयोगी का? मुळीच नाही. व्याख्या ठाऊक होती म्हणूनच चूक दिसल्यावर तिचं कारण त्यांना क्षणात उमगलं. पण चूक दाखवली ती चाकाने.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असं साहित्य शाळांत येतंय. ते कुलूपबंद कपाटात पडलेलंही मी पाहिलंय. शिक्षकाला आळस असतो म्हणून नव्हे. मुलांसमोर चाक फिरलं नाही तर काय, ही धास्ती असते. कार्यशाळेने ती धास्ती घालवावी, एवढं मला पुरे वाटतं. न फिरणाऱ्या चाकासमोर “चला, बघू या का फिरत नाही” असं म्हणता येणं, हेही एक ‘येणं’च आहे. ते फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, मुलांसमोर करूनच दाखवावं लागतं.

आज इथे थांबू.