एमबीए आधी की नोकरी?

पदवीचं शेवटचं वर्ष आलं की घरोघरी वाद रंगतो: कॅट आत्ताच द्यायची, की दोन वर्षं नोकरी करून?

नियमांची आडकाठी नाही. आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अनुभवाची अट नसते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतही सीईटी देऊन पदवीनंतर थेट जाता येतं. अहमदाबादच्या आयआयएमचा एक वर्षाचा पीजीपीएक्स मात्र किमान ४ वर्षांचा अनुभव मागतो. हार्वर्डच्या ‘२+२’ योजनेत प्रवेश विद्यार्थिदशेतच पक्का होतो, पण वर्गात बसायचं ते किमान २ वर्षं काम केल्यावरच.

याचं कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. केस स्टडीच्या तासाला विद्यार्थीच एखाद्या कंपनीच्या अडचणीवर वाद घालतात. थकलेलं बिल वसूल करायला डीलरच्या दुकानात ताटकळलेल्या मुलीला खेळतं भांडवल कशाला म्हणतात, हे वेगळं शिकवावं लागत नाही. हा फायदा कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

मात्र नुसती वर्षं भरून भागत नाही. ग्राहकाला तोंड द्यावं लागतं, चुकीचा जाब द्यावा लागतो, अशीच नोकरी कामाची. शिवाय फी लाखांत असते. पगारातून शिल्लक टाकली तर शैक्षणिक कर्ज तेवढं कमी काढावं लागतं.