केकताड

केकताड : (घायपात, कुल–शतावरी कुल). वाळवंटी युकाच्या नात्यातील ही मांसल, बहुवर्षायू वनस्पती मूळची मेक्सिकोतील असून नांदेड-लातूरकडे, मुखेडच्या माळांसारख्या कोरड्या जागी कुंपणास लावतात. पर्णरंध्रे रात्री उघडतात व उन्हात मिटतात. त्यामुळे अल्प पाण्यावर ती तगते. साधारणतः १०–३० वर्षांनी, आयुष्यात एकदाच ६–९ मी. उंच दांड्यावर फुलोरा येतो व ती मरते (युकाचे तसे नाही). बुंध्याजवळचे मुनवे मागे राहतात. पाने कुजवून, ठेचून वाख काढतात. काम किचकट, शिवाय पानांच्या रसाने हातांना खाज सुटते. पोळ्याला लागणारे कासरे व दावी मातंग कारागीर या वाखाची वळीत आणि मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळे. नायलॉनचे दोर आल्यावर हा धंदा बसला; कुंपणे राहिली.