हरलेले पैसे परत आणायची घाई: ‘चेसिंग’ म्हणजे नेमकं काय?

इंदापूरचा माझा मामेभाऊ बारामती एमआयडीसीत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तो मोबाइलवर रमी खेळून पैसे हरला. किती, असं विचारल्यावर म्हणाला, “पाच-सहा हजार गेले असतील.” दोघांनी बसून यूपीआयचा हिशोब काढला, तर अठरा हजार! मग तो हळूच म्हणाला, “ताई, पहिले पाच खेळण्यात गेले. बाकीचे तेरा ते पाच परत आणण्यात गेले.”

संशोधनात यालाच ‘चेसिंग’ म्हणतात, म्हणजे गेलेल्या पैशाचा पाठलाग. हेन्री लेसिअर या समाजशास्त्रज्ञाने १९७७ साली याच विषयावर ‘द चेस’ हे पुस्तक लिहिलं.

हे का होतं? कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’ मांडली. पाच हजार मिळाल्याच्या आनंदापेक्षा पाच हजार गेल्याचं दुःख मोठं असतं. त्यांच्या १९९२ च्या अंदाजानुसार साधारण सव्वादोन पट. आता गंमत बघा. ‘पाच हजार नक्की गेले’ आणि ‘नाणं उडवा, दहा हजार जातील किंवा काहीच जाणार नाही’ यात बरेच जण नाणं उडवतात. हरलेल्या माणसाने नुकसान मनात मान्य केलेलं नसतं, खातं उघडंच असतं. थांबणं म्हणजे ‘हरलो’ अशी सही करणं. म्हणून हा प्रश्न फक्त लोभाचा नाही. सल आणि लाज यांचाही आहे.

हे मोजायचं कसं? २००१ मध्ये कॅनडात तयार झालेल्या पीजीएसआय प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. त्यातला एक थेट चेसिंगवर आहे, तर एक अपराधी वाटण्यावर. एकूण गुण २७. आठ किंवा जास्त आले तर समस्या गंभीर समजतात. पण माझ्या भावाचं पहिलं उत्तर आठवा. लाजेपोटी आणि विसरल्यामुळे आकडा लहान होतो. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण संशोधनाचा प्रश्न नक्की सुचतो: सांगितलेला तोटा आणि स्टेटमेंटमधला तोटा यांत किती अंतर असेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा आला. पण कायद्याने मनातलं उघडं खातं बंद होत नाही. ते आपणच बंद करायचं:

– खरा आकडा कागदावर लिहा आणि तो ‘खर्च झाला’ असं धरा.
– राग किंवा दुःख ताजं असताना पैशाचा कुठलाही निर्णय घेऊ नका.
– तोटा भरून काढायला कर्ज काढून पुन्हा खेळू नका.
– विश्वासातल्या एका माणसाला पूर्ण आकडा सांगा.

झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर लगेच टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास.

भावाने मामीला सांगायला आठ महिने लावले. मामी एवढंच म्हणाली, “आधी सांगितलं असतंस, तर पाचावरच थांबलं असतं रे.”