वेग हवा, पण कोणत्या दराने?

पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ आराखडा संगमनेरवरून जाणारा होता. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कार्यात त्याने व्यत्यय येईल, म्हणून केंद्र सरकारने २०२५ मध्ये अहिल्यानगर–शिर्डीमार्गाचा पर्याय पुढे केला. त्यामुळे श्रीरामपूर शहराचे ‘बेलापूर’ नावाचे स्थानक एकाएकी वादाच्या मध्यभागी आले आहे. संगमनेरकरांची निराशा आणि बेलापूरकरांची आशा, दोन्ही आम्ही समजू शकतो. परंतु गाडी कोणाच्या दारावरून जावी, या भांडणात वेगाची किंमत किती, हा प्रश्न मागे पडता कामा नये.

ही किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. पहिली भांडवलात. मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग ताशी ३२० किलोमीटर वेगासाठी आखला गेला. त्याचा मूळ अंदाज १,०८,००० कोटी रुपयांचा, म्हणजे किलोमीटरमागे २१२ कोटींहून अधिक होता. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या, २३५ किलोमीटर लांबीच्या पुणे–नाशिक मार्गाचा मूळ अंदाज १६,०३९ कोटींचा, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ६८ कोटी होता. गाडी रिकामी धावली म्हणून कर्जाचे व्याज थांबत नाही.

दुसरी किंमत विजेची. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ही वीज अद्यापि मुख्यत्वे दगडी कोळशातूनच निघते. अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखाने उसाच्या चोथ्यापासून वीज निर्माण करतात खरे. पण चोथा हंगामाचा आणि गाडी बारमाही!

आज बेलापूरवरून धावणाऱ्या नागपूर–पुणे ‘वंदे भारत’चेच उदाहरण पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली ही गाडी ८८१ किलोमीटर अंतरास सुमारे १२ तास घेते. म्हणजे ताशी १६० किलोमीटरसाठी बांधलेली गाडी सरासरी ७३ने चालते! उणीव शक्तीची नव्हे. मोकळ्या वाटेची आहे. दुहेरी रूळ, सुधारलेले सिग्नल व सरळ केलेली वळणे यांनी सरासरी ११०वर नेली, तर ४ तास वाचतील आणि हवेशी फारसे झुंजावेही लागणार नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. निर्णयापूर्वी सरकारने दोन्ही मार्गांचा किलोमीटरमागील खर्च, प्रवाशामागे लागणारी वीज, भाडे आणि थांबे जनतेपुढे मांडावेत. ज्या गाडीला बेलापुरात थांबा नाही आणि जिचे भाडे सामान्य प्रवाशाला झेपत नाही, तिचा वेग बेलापूरकरांनी फलाटावरून पाहण्यापुरताच उरेल.